एका दाराची खोली

मी एक जुना पांढरा फळा आहे. खडूचा नव्हे, मार्करचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण फळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शाळेतला काळा फळा उभा राहतो आणि सगळं कौतुक त्यालाच मिळतं. माझ्यावर आजवर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. म्हणजे माझ्या अंगावर पुष्कळ लिहिल्या, पण माझ्याविषयी एकही नाही. म्हणून म्हटलं, आपली कहाणी आपणच सांगावी.

मित्रांनो, ती ऐकून कुणी म्हणेल, या म्हाताऱ्याला चळ लागलाय. म्हणू देत. पण कित्येक दिवस भर दुपारी माझ्या अंगावरून कुणीतरी चालत होतं. हे मी खोटं का सांगू? फळ्याला खोटं बोलून मिळायचंय काय?

माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. पोलादी पत्र्यावर पांढरा लेप चढवला, भट्टीत भाजला आणि चारी बाजूंनी चौकट ठोकली. भट्टीवरच्या कारागिराने माझ्यावरून तळहात फिरवला आणि तो म्हणाला, "झकास." त्यानंतर इतक्या मनापासून मला कुणी वाखाणल्याचं आठवत नाही. तिथून मी एका उंच इमारतीतल्या कचेरीत गेलो. तिथले साहेब माझ्यावर गोल काढायचे, गोलातून बाण काढायचे आणि बाणाच्या टोकाला आणखी एक गोल. समोर बसलेली माणसं माना डोलवायची. कुणाला काही कळत नव्हतं, मलाही नाही. मग एक दिवस तिथे भिंतभर चित्रं दाखवणारा पडदा आला आणि मला जिन्याशेजारच्या बोळात उभं करून ठेवलं. लोक माझ्या चौकटीला ओल्या छत्र्या अडकवायचे. मी छत्र्यांची खुंटी झालो. पोलादाला रडता येत नाही म्हणून बरं, नाहीतर गंजून मेलो असतो.

त्या बोळात मला मामा भेटला.

तो तेव्हा माझ्यासाठी मामा नव्हता. एक किडकिडीत माणूस, खांद्याला झोळी, हातात मोजायची टेप. त्याचा धंदा जगावेगळा होता. मोठ्या इमारतींत लिफ्टशेजारी एक नकाशा लावलेला असतो ना, आग लागली तर कुठून पळायचं ते दाखवणारा? लाल ठिपका आणि शेजारी 'तुम्ही इथे आहात' असं लिहिलेलं? ते नकाशे हा माणूस काढायचा. इमारत खालपासून वरपर्यंत चालून, मोजून. तो माझ्यासमोर थांबला आणि रखवालदाराला म्हणाला, "हा फळा बाहेर पडायच्या वाटेत आहे. इथून हलवा."

"कुठे हलवू, साहेब? वर जागा नाही, खाली जागा नाही. तुम्हीच न्या की."

थट्टाच केली त्याने. पण मामाने मला खरंच उचललं. लिफ्टमध्ये मी मावेना, तर डोक्यावर घेऊन जिना उतरला. घरी पोचल्यावर त्याची बहीण दारातच म्हणाली, "हे काय धूड आणलंस? आधीच घरात पाय ठेवायला जागा नाही."

"ताई, भिंतीवर तर आहे ना जागा?"

ताई घरी पडदे शिवायची. शिलाई मशीनच्या वरच्या भिंतीवर मला टांगलं. घरात ती, तिची मुलगी आणि मामा. मुलीचे वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, पाहुण्यासारखे यायचे आणि पाहुण्यासारखेच जायचे. मुलीला मामा घाईबाई म्हणायचा. तिला सगळं आत्ता हवं असायचं. दूध तापायच्या आधी पेला पुढे.

या घाईबाईला कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायचं वेड होतं. खेळ असा की काही जण एका इमारतीत असतात. त्यांतला एक जण भूत. बाकीच्यांनी किल्ली शोधायची आणि भुताने पकडायच्या आत बाहेर पडायचं. यातली इमारत आपली आपल्याला बांधता येते. तिला ते मॅप म्हणतात. घाईबाईने एक मॅप घाईघाईत बांधला होता. त्यात तिच्या मैत्रिणी जिना आणि भिंत यांच्या मधल्या फटीत अडकल्या आणि तिथेच हवेत पाय मारत बसल्या. त्यावर सगळ्या पोट धरून हसल्या आणि ते हसू तिला फार झोंबलं होतं. आता तिला बंद पडलेलं इस्पितळ बांधायचं होतं, असं भीतीदायक की कुणाची हसायची छाती होऊ नये.

"आधी फुटके दिवे लावते," ती म्हणाली. "मग भिंतींवर ओरखडे. मग एक चाकाची खुर्ची, आपोआप सरकणारी."

"आणि वाट कुठाय?" मामाने विचारलं.

"ती होईल नंतर."

"वाट नंतर होत नसते, घाईबाई. आधी वाटा, मग भिंती, मग दारं. ओरखडे सगळ्यांत शेवटी."

मशीनवरून ताई म्हणाली, "खिडकी न मोजता पडदा शिवायला बसलीय."

आणि मग मी कामाला लागलो. काय सांगू तुम्हाला ते दिवस! कचेरीतल्या त्या गोलांपेक्षा ही गोष्टच निराळी होती. कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी सगळं इस्पितळ माझ्यावर उभं राहायचं. मामा रेघ ओढायचा, ती दारं काढायची. मग दोघं ते चालून बघायचे. त्यासाठी दोन चुंबकं होती. लाल चुंबक म्हणजे पळणारा. ते घाईबाईचं. काळं चुंबक म्हणजे भूत. ते मामाचं. ती लाल चुंबक बोळांतून सरकवत पळायची आणि मामा काळं घेऊन मागे लागायचा. प्रत्येक दारापाशी मात्र थांबायचा आणि म्हणायचा, "येतो हं."

"मामा, भूत असं विचारून येत नाही."

"माझं येतं. चांगल्या घरचं आहे."

त्याचा एकच नियम होता आणि त्यात तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. कुठल्याही खोलीला दोन दारं हवीत. एक दार असलेली खोली आढळली की तो ती डस्टरने पुसून टाकायचा. घाईबाई चिडायची.

"खऱ्या इमारतीत तर असतं एकच दार."

"खऱ्या इमारतीत भूत मागे लागत नाही. लागलं असतं तर मी तिथेही दोन मागितली असती."

"पण सगळीकडे दोन दारं असली तर भीती कशी वाटणार?"

"अगं, दार आहे आणि पलीकडे कोण उभं आहे ते ठाऊक नाही, याला भीती म्हणतात. एकच दार म्हणजे नुसता सापळा. उंदराला विचार सापळ्यात किती मजा येते ते."

त्यांनी असं ठरवूनच टाकलं होतं की लाल चुंबक कुठेही न अडकता सगळं इस्पितळ फिरून येत नाही, तोवर बांधायला घ्यायचं नाही. म्हणून काम रखडत होतं, पण छान रखडत होतं. खालचा मजला झाला, स्वयंपाकघर झालं, कपडे धुवायची खोली झाली, दोन जिने झाले. माझा फक्त वरचा उजवा कोपरा कोरा राहिला.

मग मामाला खोकला लागला. औषधं झाली, काढे झाले, तो काही हटेना. शेवटी छातीत पाणी झालंय असं निघालं आणि त्याला खरोखरच्या इस्पितळात ठेवलं.

पहिल्याच दिवशी त्याचा फोन आला. घाईबाईने फोन माझ्यासमोर धरला, आवाज मोठा करून. "घाईबाई, गंमत ऐक. इथे बोळात नकाशा लावलाय, तो मीच काढलेला. 'तुम्ही इथे आहात.' बरं झालं लिहून ठेवलं, नाहीतर मला कळलंच नसतं."

त्यानंतर आमचं काम फोनवर चालायचं. मामा पलंगावरून सांगायचा, "आता मला धुलाईच्या खोलीतून डावीकडे ने," आणि घाईबाई एका हाताने लाल पळवायची, दुसऱ्या हाताने काळं सरकवायची. दारापाशी आलं की फोनमधून खोकत खोकत आवाज यायचा, "येतो हं." तो आवाज रोज थोडा बारीक होत होता. ते मला कळत होतं, ताईला कळत होतं. घाईबाईला कळत नव्हतं, की ती कळू देत नव्हती, ते मला सांगता येणार नाही.

शेवटचा फोन दुपारचा होता. मामा म्हणाला, "तो कोरा कोपरा आहे ना, तिथे एक खोली काढ. फार मोठी नको. भिंतीला एक पलंग. एक खिडकी. खाली बोळाच्या बाजूला दार."

तिने काढली. "खिडकीतून काय दिसतं?"

"पाण्याची टाकी. टाकीवर एक कावळा बसतो. सारखा माझ्याकडे बघत असतो. याला कुणी भेटायला कसं येत नाही, असं वाटत असेल बिचाऱ्याला."

मशीन थांबली. ताईने मान वर करून जोरात सांगितलं, "उद्या येते रे मी."

"ये सावकाश, ताई. मी कुठे पळतोय?"

घाईबाईने लाल चुंबक उचलून त्या नव्या खोलीत ठेवलं आणि मग ती थांबली. "मामा, या खोलीला दुसरं दार?"

फोनमध्ये बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "विचार करून सांगतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कुठल्याशा सभागृहाचे पडदे द्यायचे होते. ते लोक दारात येऊन बसले होते. ताई म्हणाली, हे एवढं उरकते आणि जाते. उरकेपर्यंत फोन आला. तो मामाचा नव्हता.

माणसं आली, बसली, गेली. घर गप्प झालं. मशीन सुरू झाली, पण तिचाही आवाज पूर्वीसारखा लागेना. माझ्यावर ते सगळं इस्पितळ तसंच होतं. लाल चुंबक वरच्या खोलीत, काळं चुंबक खाली जिन्याच्या पायथ्याशी, जिथे शेवटी थांबलं होतं तिथे. घाईबाई शाळेतून यायची, माझ्याकडे बघायची, कॉम्प्युटर मात्र लावायची नाही.

तिची एक मैत्रीण होती, जाड भिंगाची, सगळे तिला चष्मिस म्हणायचे. ती फोन करायची. "मॅप कधी होणार?"

"एक दार राहिलंय."

"मग काढ की."

"ते मामा सांगणार होता."

माझ्या छातीवर ती एका दाराची खोली तशीच राहिली. घाईबाई दुसरं कुठलंही काम मला सांगेना आणि ताईला पुसूही देईना. पोरगी जेवायची कमी, बोलायची त्याहून कमी. ताईला भीती वाटायला लागली होती की ही आता आयुष्यभर त्या दाराची वाट बघत बसणार. मलाही तीच भीती होती.

आणि अशा वेळी ते चालणं सुरू झालं.

दुपार होती. मुलगी शाळेत, ताई पाणी भरत होती. मला जिन्याच्या पायथ्याशी काहीतरी हललेलं जाणवलं. काळं चुंबक अगदी थोडंसं सरकलं होतं. खाली घसरलं असतं तर मी म्हटलं असतं, चुंबक म्हातारं झालं, धरवत नाही त्याला. पण मित्रांनो, ते वर चढलं होतं. दुसऱ्या दुपारी आणखी थोडं. जिना चढून झाल्यावर ते बोळात वळलं. भिंतींची रेघ ओलांडली नाही. वाटेनेच चाललं होतं. आणि वाटेतलं दार आलं की थांबायचं. एक दिवस, दोन दिवस तिथेच. मग पुढे. माझं अंग थंडच असतं, तरी मला शहारे आले.

घाईबाईच्या लक्षात आलं. "आई, तू हलवलंस?"

"मी कशाला हलवू? मशीनच्या हादऱ्याने सरकलं असेल."

असं म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवशी ताईने मशीन बंद ठेवली आणि माझ्यासमोर पाटावर बसून राहिली. काळं चुंबक वरच्या बोळाच्या वळणावर होतं. ती बघत होती तोवर जागचं हललं नाही. दारावर कुणीतरी आलं म्हणून ती उठली, दोन शब्द बोलून परत आली, तर चुंबक त्या एका दाराच्या खोलीसमोर उभं होतं. अगदी दारात. ताईचा चेहरा माझ्याहून पांढरा झाला होता.

संध्याकाळी घाईबाई घरी आली आणि तिने ते पाहिलं. दप्तर तसंच टाकून तिने मार्कर उचलला. खोलीच्या डाव्या भिंतीत दार काढायला गेली, तर पलीकडे लिफ्ट वरखाली होते ती उभी विहीर. उजवीकडे आणि वर माझी चौकट. तिथे फळाच संपत होता. खाली बोळ, आणि बोळात तर ते उभं. कुठेच जागा नव्हती. तिने रेघ काढली, पुसली, पुन्हा काढली, आणि मग मार्कर माझ्यावर टेकवून तशीच रडायला लागली.

"मामा आत अडकलाय," ती म्हणाली. "आणि भूत दारात आलंय. त्याला बाहेर पडायला वाटच नाही. माझ्याने दार निघत नाही, आई."

ताई उठून जवळ आली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, कधी लाल चुंबकाकडे, कधी काळ्याकडे. इतके दिवस ती माझ्याखाली बसून पडदे शिवत होती, पण या खेळाकडे तिने कधी नीट पाहिलं नव्हतं.

"अगं," ती हळूच म्हणाली, "लाल कुणाचं?"

"माझं."

"आणि काळं कोण चालवायचं?"

"मामा."

"मग आत कोण बसलंय? आणि दारात कोण उभं आहे?"

घाईबाईचं रडणं थांबलं. ती त्या चुंबकाकडे बघत राहिली.

"तो पकडायला आलेला नाही, बाळा," ताई म्हणाली. "इतक्या लांबून जिने चढून आलाय. आपण जायला हवं होतं त्याच्याकडे. मी जायला हवं होतं. पडदे थांबले असते, त्या मेल्या पडद्यांना काय झालं असतं? मी नाही गेले, तर तोच आला. त्याला आत घे. दारात किती वेळ ताटकळत ठेवणार?"

घाईबाईचा हात पुढे होईना. शेवटी ताईनेच ते काळं चुंबक उचललं. माझ्या पत्र्यावरून सुटताना ते टक् करून वाजलं. तिने ते त्या एकाच दारातून आत नेलं आणि पलंगावर ठेवलं. मग मुलीच्या हातातला मार्कर घेतला. तिला रेघ कुठली येतेय! तिने पलंगाशेजारी दोन वेडीवाकडी स्टुलं काढली. एकावर घाईबाईचं लाल चुंबक ठेवलं आणि दुसऱ्यावर आपलं बोट टेकवलं. ते बोट तिने बराच वेळ उचललं नाही. शिवून शिवून खरखरीत झालेलं, गरम बोट.

"दुसरं दार?" घाईबाईने विचारलं.

"अशा खोलीला नसतं गं दुसरं दार. नुसती सोबत लागते."

मित्रांनो, त्यानंतर घाईबाईने इस्पितळ बांधायला घेतलं. आणि घाई केली नाही. आधी वाटा, मग भिंती, मग दारं. फुटके दिवे आणि ओरखडे सगळ्यांत शेवटी लावले. पहिल्यांदा खेळायला बसली तेव्हा ताईलाही ओढून शेजारी बसवलं आणि तिच्या फोनवर तोच खेळ लावून दिला. चष्मिस भूत झाली होती. मी भिंतीवरून सगळं ऐकत होतो. ताईला धड पळता येत नव्हतं, ती सारखी भिंतींवर आदळत होती. शेवटी दोघी वरच्या खोलीत शिरल्या आणि स्टुलांवर बसल्या. मागोमाग चष्मिसचं भूत आत आलं.

"अगं, हे काय?" कॉम्प्युटरमधून चष्मिसचा आवाज आला. "माझं भूत पलंगावर जाऊन पडलं. ते कुणाला पकडतच नाहीये. बिघडलाय का तुझा मॅप?"

"बिघडला नाही," घाईबाई म्हणाली. "इथे कुणी बसलेलं असलं की ते पकडत नाही."

"मग मी काय करू?"

"काही नको करू. पड थोडा वेळ. आम्ही आहोत."

तिघी तशाच गप्प राहिल्या. किल्ली शोधायची राहून गेली, खेळ कुणीच जिंकला नाही. ताई डोळे पुसत होती, पण उठली नाही.

आता दुपारी माझ्या अंगावरून कुणी चालत नाही. खरं सांगू? मला चुकल्यासारखं होतं. मध्यंतरी ताईने मला पुसायला घेतलं. बाकीचं इस्पितळ चटकन गेलं. ती खोली मात्र गेली नाही. फार दिवस राहिलेली शाई पत्र्यात मुरते, मग किती घासा. खोली, पलंग आणि दोन स्टुलं अजून फिकट राखाडी दिसतात. तिच्याभोवती ताई आता पडद्यांची मापं लिहिते.

तेव्हा मित्रांनो, आम्हा फळ्यांची काळजी घ्या. चुकीचा मार्कर वापरू नका, ओल्या छत्र्या आमच्यावर टांगू नका, आणि लिहिलेलं वेळच्या वेळी पुसत जा. पण आमचं काय, आमच्याशिवाय तुमचं अडत नाही. तुमच्या ओळखीचं कुणी एका दाराच्या खोलीत पडून असेल, तर आधी तिकडे जा. काय बोलावं ते सुचलं नाही तरी चालतं, नुसतं बसा. आणि निघताना उद्या येतो म्हणालात, तर उद्या जा.